स्टिअरिंग येतं, पण बांधणी येते का?

म्हैसूरच्या दसऱ्याआधी एक गंमत दरवर्षी बघायला मिळते. जंबो सवारीचे हत्ती जंगलातल्या छावण्यांतून शहरात येतात ते चालत नव्हे, लॉरीतून. हुणसूर तालुक्यात वीरनहोसहळ्ळीला त्यांची पूजा होते, स्वागत होतं आणि मग एकेक गजराज लॉरीत उभा राहून म्हैसूरची वाट धरतो. शहरात पोचल्यावर त्याला ज्या काट्यावर उभं करतात तोही मालट्रकांचाच वजनकाटा. २०२० पासून सोन्याची अंबारी वाहू लागलेल्या अभिमन्यूचं वजन पाच टनांहून जास्त भरतं, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. अंबारीच साडेसातशे किलोची!

लोक हत्तीकडे बघतात, ते साहजिकच आहे. त्याला आणणाऱ्या ड्रायव्हरकडे कुणाचं लक्ष जात नाही. पाच टनांचा जिवंत माल, तोही मागे उभा राहून डुलणारा. वळणावर त्याने अंग एका बाजूला टाकलं की गाडीचा तोल त्या बाजूला गेलाच. ब्रेक असा लावायचा की हत्तीला कळूही नये. हे ज्याला जमतं त्याला म्हैसूर परिसरात काम शोधत फिरावं लागत नाही. काम त्याला शोधत येतं. बाकीच्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न महाराष्ट्रातल्या घरांचाही आहे. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, मिरज या पट्ट्यातली पोरं ड्रायव्हिंगसाठी पूर्वीपासून दक्षिणेकडे जात आली आहेत. घरी मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या सीमाभागातल्या मुलाला तर तिकडे वेगळं शिकवणी-वर्ग लावायला नको. कोल्हापूरच्या गाडीवर एमएच-०९ आणि म्हैसूरच्या गाडीवर केए-०९, इतका शेजारधर्म नंबरप्लेटनेही पाळला आहे. लायसन्स कोल्हापूरच्या आरटीओचं असलं तरी ते भारतभर चालतं, त्यासाठी पुन्हा म्हैसूरला परीक्षा द्यावी लागत नाही. पण लायसन्स चाललं म्हणजे नोकरी लागली, असं मात्र नाही. विशेषतः फ्लॅटबेड ट्रेलरच्या बाबतीत.

फ्लॅटबेड म्हणजे बाजूला फळ्या नाहीत, वर छप्पर नाही, मागे दार नाही, असा सपाट लांबलचक पाट आणि पुढे ओढणारं इंजिन. बंद गाडीत पोती भरली, दार लावलं, कुलूप घातलं की ड्रायव्हर निम्मा मोकळा. उघड्या पाटावर मालाला धरून ठेवायला काहीच नसतं. साखळ्या, बेल्ट, लाकडी ठोकळे, पाचरी आणि ड्रायव्हरची नजर, एवढाच काय तो आधार.

म्हैसूरमध्ये अशा गाड्यांना माल कुठून मिळतो? शेजारच्या चामराजनगर जिल्ह्यातला काळा ग्रॅनाइट जगभर नावाजलेला. त्याचे अजस्र ठोकळे खाणीतून निघाले की ट्रेलरशिवाय गत्यंतर नाही. शहरातल्या बीईएमएलच्या कारखान्यात खाणींसाठी राक्षसी डंपर बनतात. त्यातले मोठे डंपर सुटे करून खाणीपर्यंत न्यायचे आणि तिथे जोडायचे, म्हणजे पुन्हा ट्रेलर आलाच. कडकोळ्याला रेल्वेचे कंटेनर उतरतात. हेब्बाळ, मेटगळ्ळी, हूटगळ्ळी, नंजनगुड या औद्योगिक वसाहतींत यंत्रं, पत्रे, सळ्या यांची ये-जा असते. हूटगळ्ळीत तर मराठी वाचकाला ओळखीची नावं भेटतील. पुण्याच्या कल्याणी समूहाच्या भागीदारीतून १९८१ साली उभी राहिलेली ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स तिथेच आहे आणि किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखानाही त्याच परिसरात. ट्रकखाली जो आस फिरतो तोच म्हैसुरात बनतो, असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा माल आहे, गाड्या आहेत आणि चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत ही मालकांची ओरडही आहे. मग मुलांना काम का मिळत नाही? कारण मधली पायरीच नाहीशी झाली आहे. ती पायरी म्हणजे क्लीनर.

पूर्वी प्रत्येक लॉरीवर एक क्लीनर असे. काचा पुसणारा, टायरवर हातोडी मारून हवा बघणारा, स्टोव्हवर भात शिजवणारा, ड्रायव्हरच्या शिव्या खाणारा पोरगा. दोन-चार वर्षांत तो ताडपत्री बांधायला शिके, साखळी कुठे आवळायची ते शिके, रिकाम्या रस्त्यावर उस्तादाच्या कृपेने स्टिअरिंगही हातात घेई. हे शिक्षण कायद्यात बसणारं नव्हतं आणि त्यात पोरांचे हालही पुष्कळ होत, त्यामुळे त्या काळाबद्दल उसासे टाकण्याचं कारण नाही. पण ती एक शाळा होती. आता खर्च वाचवण्यासाठी बहुतेक मालकांनी क्लीनर काढून टाकला. ड्रायव्हर एकटाच जातो, एकटाच येतो. शाळा बंद पडली, पण मालक मात्र अजून ‘पाच वर्षं ट्रेलर चालवलेला’ माणूस मागतो! अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. अशा फेऱ्यात मुलगा अडकतो.

यातून वाट काढायची तर पायऱ्या स्वतःच बांधाव्या लागतात. कायद्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक वाहनासाठी वयाची २० वर्षं पूर्ण हवीत. हलक्या वाहनाचं लायसन्स निदान एक वर्ष हातात असल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचं शिकाऊ लायसन्ससुद्धा मिळत नाही. डॉक्टरचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यालाही दार उघडं झालं. व्यावसायिक लायसन्सची मुदतही त्याच वर्षीच्या दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षं झाली.

सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा नवशिक्याला चांगला उपयोग आहे. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस एकूण साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो, हे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नक्की केलं. म्हणजे वर्षभर रिकामं बसायला नको. छोट्या टेम्पोवर, दूध-भाजीच्या गाडीवर हात बसवता येतो. मग सहा टायर, त्यानंतर दहा किंवा बारा टायर आणि शेवटी ट्रेलर. ही चढण चार-पाच वर्षांची आहे. सहा महिन्यांत ट्रेलरवर बसवून देतो असं सांगून पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. पद्धतशीर शिकायचंच असेल तर पुण्यात भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. १९६७ पासून वाहतुकीचं प्रशिक्षण हेच तिचं काम आहे.

बारा टायरवर हात बसला तरी ट्रेलर निराळाच. मागे घेताना इंजिन एकीकडे वळतं, पाट दुसरीकडे. पण मालक ट्रायल घेताना फक्त रिव्हर्स बघत नाही. मुरलेला मालक नव्या माणसाला गाडीभोवती फिरायला सांगतो आणि आपण गप्प बसतो. साखळीची कडी झिजलेली दिसली का? बेल्ट ठोकळ्याच्या धारेवर घासतोय, तिथे मध्ये काही घालावं असं सुचलं का? पाचर नुसती ठेवली आहे की ठोकली आहे? ज्याचं लक्ष तिकडे गेलं त्याची नोकरी निम्मी पक्की.

यामागचं गणित घरातल्यांनीही समजून घेण्यासारखं आहे. गाडी वेगात असताना करकचून ब्रेक लागला की चाकं थांबतात, माल थांबत नाही. तो पुढे निघतो आणि पुढे केबिन असते. युरोप-अमेरिकेतल्या नियमांनुसार मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका पुढचा जोर बांधणीने अडवला पाहिजे. वीस टनांचा ग्रॅनाइट असेल तर सोळा टनांचा रेटा! एवढा दगड आपल्या वजनानेच जागचा हलणार नाही, हा समज किती महागात पडतो ते यावरून कळावं. अमेरिकेत तर ड्रायव्हरने निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत, गाडी थांबवून बांधणी पुन्हा तपासावी असा लेखी नियम आहे. कारण प्रवासाच्या सुरुवातीलाच माल बसतो, साखळ्या सैल पडतात. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर पहिल्या चहाला उतरले की गाडीला एक प्रदक्षिणा घालतात ती काही देवभोळेपणाने नव्हे.

आपले नियमही काही कमी कडक नाहीत. गाडीबाहेर डोकावणाऱ्या लोखंडी सळ्यांनी मागून येणाऱ्या कितीतरी जणांचे जीव घेतले, तेव्हा २०१४ मध्ये केंद्र सरकारने अशा वाहतुकीची सवलत काढून घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर माल डोकावला तर वीस हजार रुपये दंड आहे. जादा वजनाला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. हा दंड मालक भरणार की ड्रायव्हरच्या पगारातून कापणार, हे काम धरण्याआधी विचारायला हवं. नेमकं तेच कुणी विचारत नाही. पगार किती, एवढंच विचारून मुलगा बॅग भरतो.

विचारण्यासारखं आणखी बरंच आहे, आणि त्यासाठी २०२२ सालचा एक प्रसंग ध्यानात ठेवावा. म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगुडच्या एका कारखान्यासाठी अवजड यंत्रसामग्री घेऊन दोन प्रचंड ट्रेलर केरळमार्गे निघाले होते. कोळिकोडहून वायनाडला चढणाऱ्या ताम्रश्शेरी घाटात नऊ हेअरपिन वळणं आहेत. एवढ्या अवाढव्य गाड्या वळणात अडकल्या तर अख्खा घाट बंद पडेल म्हणून प्रशासनाने त्यांना पायथ्याशी, अडिवारमलाच रोखलं. सप्टेंबरात थांबलेले ट्रेलर वर चढले ते डिसेंबरात, एका रात्री इतर सगळी वाहतूक थांबवून. तीन महिन्यांहून अधिक काळ गाड्या एका जागी! त्या काळात गाडीबरोबरच्या माणसांना कोण काय देत होतं, हा त्यांचा आणि त्यांच्या मालकाचा व्यवहार. पण गाडी चालली तर भत्ता, उभी राहिली तर शून्य, असा करार ज्याने केला असेल त्याच्या घरी तीन महिने चूल कशी पेटावी?

या धंद्यात पैसे अनेक वाटांनी येतात आणि त्याहून अधिक वाटांनी जातात. काही मालक महिन्याचा पगार देतात आणि वर रोजचा भत्ता. म्हैसूरकडे त्याला बाटा म्हणतात. काही ठिकाणी पगारच नसतो, फेरीमागे रक्कम ठरते. काही ठिकाणी डिझेल ठरवून दिलेलं असतं. वाचलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर तेही ड्रायव्हरचंच! टायर फुटला, आरसा तुटला, मालाला ओरखडा गेला, सगळं शेवटी हिशेबाच्या वहीत त्याच्या नावावर चढतं. त्यात उचल घेतली असेल तर विचारूच नका. ऊसतोडीच्या उचलीने माणूस कसा बांधला जातो ते कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना सांगायला नको. ड्रायव्हरची उचलही त्याच जातीची. लग्नासाठी, घराच्या स्लॅबसाठी मालक आनंदाने पैसे देतो, आणि मग झोप झालेली नसताना ‘निघ’ म्हटलं की निघावं लागतं. काही मालक मूळ लायसन्स स्वतःच्या कपाटात ठेवून घेतात. ते कधीही देऊ नये. मागितली तर प्रत द्यावी.

म्हणून थांबा पडला तर दिवसाचे किती, दंड कुणाचा, डिझेलचा हिशेब कसा, गाडीच्या विम्यात ड्रायव्हर धरला आहे का, ही चार उत्तरं कागदावर घ्यावीत. कागद द्यायला मालक तयार नसेल तर निदान फोनवरच्या संदेशात तरी. उत्तर देताना मालक चिडला, तर त्यातूनही काय ते कळतंच. मालकावर विसंबून न राहता पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून अपघाती मृत्यूचं दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वीस रुपयांत हल्ली धड वडापाव मिळत नाही! कर्नाटकाने २०२४ मध्ये मोटार वाहतूक कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. म्हैसूरला काम धरलं की तिथल्या कामगार खात्यात जाऊन आपली नोंद होते का, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावं.

कामाच्या तासांची गोष्ट काढली की धाब्यावर हशा पिकतो. मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास, ही मर्यादा देशाने १९६१ सालीच कायद्यात लिहिली. रस्त्यावर ती फारशी कधी दिसली नाही. म्हैसूर-बेंगळुरू हा ११८ किलोमीटरचा नवा द्रुतगती मार्ग मार्च २०२३ मध्ये खुला झाला आणि गाड्या पूर्वीपेक्षा लवकर पोचू लागल्या. वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या झोपेला मिळायला हवा होता. तो दुसऱ्या फेरीला गेला, तर फायदा कुणाचा झाला? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने नव्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची करणारी अधिसूचना काढली हे मात्र चांगलं झालं. उन्हाळ्यात इंजिनाशेजारी बसून दहा तास तापलेला माणूस काय सावध राहणार!

इतकं सगळं ऐकल्यावर घरातली बाई म्हणणार, मग पाठवायचंच कशाला पोराला? ड्रायव्हर म्हटलं की मुलगी द्यायला लोक नाक मुरडतात, हे ती जवळून बघत असते. पण त्याच घरात शिकून बसलेला, दरमहा कुणापुढे तरी हात पसरणारा मुलगाही असतो. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी यांच्याकडे तर कायद्याची पदवी होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर दोन मुलांना वाढवण्यासाठी भोपाळमध्ये त्यांनी ट्रकचं स्टिअरिंग धरलं आणि देशभर माल पोचवला. त्यांना कुणी हलकं म्हटलं नाही. मग पुरुष ड्रायव्हरचीच तेवढी किंमत का कमी लेखावी? हातात कला असलेला ट्रेलरवाला सहसा बेकार राहत नाही. फक्त ती कला आहे हे मालकाने आणि घरच्यांनीही मान्य करायला हवं.

एकदा काम लागलं की म्हैसूरचे रस्ते पुढचं शिकवतात. मडिकेरीकडचा घाट पावसाळ्यात दरडींमुळे अवजड गाड्यांना कधी बंद होईल सांगता येत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कोडगूत डोंगरच्या डोंगर खाली आले होते. केरळच्या वाटेवर बंदीपूरचं अभयारण्य लागतं. तिथे २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा रस्ता बंद असतो, आणि २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. रुग्णवाहिका आणि मोजक्या एसटी गाड्या सोडल्या तर कुणालाही सूट नाही, कारण रात्री तो रस्ता हत्ती-हरणांचा. नवखा ड्रायव्हर गुंडलुपेठ ओलांडून मद्दूरच्या नाक्यावर नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचतो आणि कपाळाला हात लावतो. जुना ड्रायव्हर आठलाच गाडी बाजूला घेतो, साखळ्यांवरून एकदा हात फिरवतो, स्टोव्ह पेटवून तांदूळ चढवतो आणि घरी फोन लावतो, की आता सहापर्यंत काळजी नाही, झोपा.